पाण्याचे माप आणि राज्याचा कायदा : माधवराव चितळे यांचे कार्य

माधव आत्माराम चितळे (जन्म ८ ऑगस्ट १९३४) यांचे नाव निघाले की स्टॉकहोम जलपुरस्काराची आठवण होते. पाण्याच्या क्षेत्रातील हा सर्वोच्च आंतरराष्ट्रीय सन्मान १९९१ पासून दिला जाऊ लागला आणि १९९३ मध्ये तो चितळे यांना मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. छत्रपती संभाजीनगरकरांना याचा विशेष अभिमान वाटतो, कारण दिल्लीतील मोठ्या पदांवरून निवृत्त झाल्यावर चितळे यांनी याच शहरात वास्तव्य केले. पुरस्काराचे मोल कमी नाही. तथापि महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यांचे सर्वांत टिकाऊ काम एका पाच ओळींच्या तक्त्यात आहे. १९९९ च्या जल व सिंचन आयोगाच्या अहवालातील हा तक्ता पाण्याच्या उपलब्धतेनुसार नदीखोऱ्यांची वर्गवारी करतो. एका शास्त्रीय मोजमापाचे शासकीय धोरण कसे झाले, हे समजून घ्यायचे तर या तक्त्याइतके चांगले उदाहरण मराठी मुलखात क्वचित सापडेल.

शास्त्र आणि शासन यांच्यामध्ये उभे राहून काम करणारे विद्वान साधारणपणे तीन प्रकारचे दिसतात. काहीजण विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत राहून शासनाने मागितलेला सल्ला देतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर हे या परंपरेतील थोर नाव. काहीजण शास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला येतात आणि मग शासनाच्या एखाद्या विभागाची धुरा सांभाळतात. अंतराळ संशोधनातून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सचिवपदी गेलेले वसंत गोवारीकर त्या प्रकारचे. तिसरा प्रकार शासनाच्या सेवेतच वाढलेल्या तंत्रज्ञाचा. खात्याचे नियम, मंजुरीची वाट आणि निधीची ओढाताण त्याला आतून ठाऊक असते. तो पुढे अभ्यासक आणि शिक्षक होतो, तेव्हा त्याच्या शिफारशी कार्यालयात वापरता येतील अशा रूपात उतरतात. चितळे या तिसऱ्या प्रकारात बसतात.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर १९५० च्या दशकाच्या मध्यास ते राज्याच्या अभियांत्रिकी सेवेत दाखल झाले. पाटबंधारे खात्यातील दीर्घ अनुभवानंतर १९८० च्या दशकात ते केंद्राच्या सेवेत गेले, केंद्रीय जल आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९८९ पासून १९९२ पर्यंत केंद्रीय जलसंसाधन मंत्रालयाचे सचिव होते. देशाचे पहिले राष्ट्रीय जलधोरण सप्टेंबर १९८७ मध्ये स्वीकारले गेले, ते याच कालखंडात. निवृत्तीनंतर १९९३ ते १९९७ या काळात त्यांनी आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाचे महासचिवपद सांभाळले. पाण्याविषयी लोकशिक्षण व्हावे म्हणून जल आयोगात असताना त्यांनी देशभर जलसंसाधन दिन पाळण्याची प्रथा सुरू केली. संयुक्त राष्ट्रांनी २२ मार्च हा जागतिक जलदिन १९९३ पासून पाळायला प्रारंभ केला, त्याआधी काही वर्षे ही प्रथा आपल्याकडे चालू झालेली होती.

आता छत्रपती संभाजीनगर हे शहर आणि भोवतीचा प्रदेश. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत आणि मोठमोठ्या खंडांनी. पाण्याची विद्या आणि राज्यकारभार यांची सांगड येथे जुनी आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी, म्हणजे आजचे हे शहर, वसवली आणि डोंगरातील झरे भूमिगत नहरींनी शहरात आणले. जमीनमहसुलाच्या व्यवस्थेसाठी इतिहासकार ज्याची नोंद घेतात, तोच हा मुत्सद्दी नहर-ए-अंबरीचाही कर्ता होता. अलीकडच्या काळात पैठणचा जायकवाडी प्रकल्प हा या प्रदेशाच्या जलजीवनाचा कणा ठरला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच्या नाथसागर जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळजवळ १०३ टीएमसी (अब्ज घनफूट); त्यातील उपयुक्त साठा सुमारे ७६.६५ टीएमसी. १९८० मध्ये पैठण रस्त्यावर कांचनवाडी येथे जल व भूमी व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. वाल्मी या नावाने ती सर्वांना परिचित आहे. धरण बांधून झाल्यावर पाणी शेतापर्यंत नीट कसे पोचवावे, हे अभियंत्यांना, कृषी अधिकाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना एकत्र बसवून शिकवणे हा तिच्या स्थापनेचा हेतू. धरण, संस्था आणि जाणकार माणसे एका ठिकाणी आल्यामुळे हे शहर राज्यातील जलविचाराचे एक केंद्र बनले.

चितळे आयोगाची पार्श्वभूमी कळण्यासाठी त्याआधीच्या दोन प्रयत्नांची दखल घ्यावी लागते. संयुक्त महाराष्ट्राची स्थापना होताच स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा पहिला सिंचन आयोग नेमण्यात आला व १९६२ मध्ये त्याचा अहवाल आला. पुढील तीन दशकांच्या धरणबांधणीची दिशा मुख्यतः त्या अहवालाने आखली. दुसरा प्रयत्न दांडेकरांचा. प्रादेशिक असमतोलाची चौकशी करणाऱ्या त्यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतील तूट पैशांत मोजली. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यातील मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी, म्हणजे २३.५६ टक्के, असा तिचा हिशेब होता. मराठवाड्याची तक्रार तोपर्यंत भाषणांत होती, दांडेकरांनी तिला आकडा दिला. आकडा मिळाल्यावर विधिमंडळात आणि नियोजन विभागात तिच्यावर नेमकेपणाने वाद घालणे शक्य झाले. मात्र दांडेकरांचे एकक जिल्हा हे होते. पैसा जिल्ह्यानुसार वाटता येतो. पाणी जिल्ह्याची हद्द मानत नाही.

आपल्याच जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर हे लगेच ध्यानात येते. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या उत्तरेस असलेल्या सोयगाव तालुक्याचे पाणी तापीकडे जाते. अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर नदी तापीला मिळते. त्याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर उगम पावणारी पूर्णा मात्र जालना, परभणीकडे वळून गोदावरीला मिळते. शहरातून वाहणारी खाम आणि पश्चिमेकडची शिवना थेट गोदावरीत उतरतात. जिल्हाधिकारी कार्यालय एक, पण पाणी एकीकडे बंगालच्या उपसागराला जाते आणि दुसरीकडे अरबी समुद्राला. अशा जिल्ह्याची पाण्याची सरासरी काढली तर ती कोणत्याच गावाला लागू पडत नाही.

डिसेंबर १९९५ मध्ये राज्य शासनाने महाराष्ट्र जल व सिंचन आयोग नेमला आणि अध्यक्षपद चितळे यांच्याकडे सोपवले. आयोगाने १९९९ च्या जूनमध्ये अहवाल सादर केला. २०३० पर्यंतची दृष्टी ठेवून पिण्याचे पाणी, शेती, उद्योग, भूजल, पर्यावरण आणि प्रशासन या सर्वांचा एकत्र विचार त्यात आहे. आयोगाने हिशेबाचे एकक बदलले, ही त्याच्या कामातील मूलभूत गोष्ट. राज्याची पाच नदीखोरी धरली गेली : गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातील पश्चिमवाहिनी नद्यांचा समूह. या पाचांची पंचवीस उपखोरी पाडण्यात आली. एकट्या गोदावरीची नऊ उपखोरी झाली. पैठणपर्यंतचे ऊर्ध्व गोदावरी, त्याखालचे निम्न गोदावरी, दुधनेसह पूर्णा, मांजरा, पैनगंगा, वर्धा, वैनगंगा अशी ही मांडणी आहे.

प्रत्येक उपखोऱ्यात पाणी किती, हे ठरवताना तीन वेगवेगळ्या राशी विचारात घ्याव्या लागतात आणि सामान्य चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली राशी सरासरी वार्षिक येव्याची, म्हणजे नद्यांत येणाऱ्या पाण्याची. महाराष्ट्रात ती सुमारे १६४ अब्ज घनमीटर आहे. दुसरी ७५ टक्के विश्वासार्हतेच्या येव्याची, म्हणजे शंभरपैकी पंच्याहत्तर वर्षांत तरी निश्चित मिळेल एवढ्या पाण्याची. ती सुमारे १३१.५ अब्ज घनमीटर भरते. आपल्याकडची सिंचन धरणे बहुधा या दुसऱ्या राशीवर आखली जातात, कारण दर दुसऱ्या वर्षी रिकामे राहणारे धरण बांधून उपयोग नाही. तिसरी राशी आंतरराज्य लवादांनी वापरास मुभा दिलेल्या पाण्याची, सुमारे १२६ अब्ज घनमीटर. गोदावरी लवादाच्या निवाड्यानुसार पैठणपर्यंतचे सर्व पाणी महाराष्ट्राला वापरता येते, त्याखाली मर्यादा येतात. कृष्णेच्या बाबतीत बच्छावत लवादाने राज्याला ५६० टीएमसीची मर्यादा घालून दिली. निसर्ग किती देतो आणि कायदा किती घेऊ देतो, हे दोन्ही तपासल्यावरच हाती काय उरते ते कळते.

या तिसऱ्या राशीला लागवडीयोग्य क्षेत्राने भागले की दर हेक्टरी उपलब्ध पाणी मिळते. राज्याचे लागवडीयोग्य क्षेत्र सुमारे २२५ लाख हेक्टर. म्हणजे सरासरी हेक्टरी साधारण ५,६०० घनमीटर पाणी. हा आकडा पाहून महाराष्ट्र सुस्थितीत आहे असे कोणालाही वाटेल. खोरेनिहाय भागाकार केला की हे समाधान टिकत नाही. गोदावरी खोऱ्यात ११२.५६ लाख हेक्टरांना सुमारे ३४.२ अब्ज घनमीटर, म्हणजे हेक्टरी तीन हजारांच्या जेमतेम वर. कृष्णा खोऱ्यात तीन हजारांच्या किंचित खाली. तापी खोऱ्यात तर साडेचौदाशेच्या आसपास. कोकणात साडेअठरा लाख हेक्टरांना एकोणसत्तर अब्ज घनमीटर, म्हणजे हेक्टरी सदतीस हजार. घाटाच्या पूर्वेकडील चार खोऱ्यांत राज्याची ९२ टक्के लागवडीयोग्य जमीन आहे आणि विश्वासार्ह पाणी (वरील दुसरी राशी) मात्र ५५ टक्के. उरलेले ४५ टक्के पाणी घाटाच्या पश्चिमेस आहे, आणि त्यातील बहुतांश अल्प अंतर वाहून समुद्राला मिळते.

आता तो तक्ता. हेक्टरी १,५०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असलेले उपखोरे अतितुटीचे. १,५०० ते ३,००० या दरम्यान असेल तर तुटीचे. ३,००० ते ८,००० सर्वसाधारण, ८,००० ते १२,००० विपुल आणि त्याहून अधिक असेल तर अतिविपुल. ही वर्गवारी इतकी साधी आहे की तिच्यामागचे श्रम दिसत नाहीत. पंचवीस उपखोऱ्यांतील पावसाच्या आणि नदीप्रवाहाच्या अनेक वर्षांच्या नोंदी गोळा करणे, त्यांतील त्रुटी दुरुस्त करणे, भूजलाचा अंदाज बांधणे आणि लवादाच्या मर्यादा उपखोऱ्यांपर्यंत उतरवणे, एवढे झाल्यावर हे पाच वर्ग तयार झाले. मांजरा, सीना यांसारखी उपखोरी तुटीच्या बाजूस गेली. वैनगंगा आणि कोकण विपुलतेच्या बाजूस राहिले. गोदावरी हे एकच खोरे असूनही त्याच्या दोन टोकांना दोन वेगळी जगे आहेत, हे या मांडणीने सरकारी कागदावर आले.

हे आकडे शेताच्या बांधावर नेऊन पाहणे योग्य ठरेल. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर पंधरा सेंटिमीटर खोलीचे पाणी उभे केले तर ते बरोबर १,५०० घनमीटर होते. कालव्याच्या एका पाळीत शेताला साधारण सात-आठ सेंटिमीटर पाणी बसते. याचा अर्थ अतितुटीच्या उपखोऱ्यात नदी, नाले, धरणे, तलाव यांतील वापरता येण्याजोगे सगळे पाणी सर्व जमिनीवर समान पसरले, तरी वर्षाला हेक्टरी फक्त दोन पाळ्या मिळतील. रब्बी ज्वारीला, हरभऱ्याला दोन पाळ्यांचा मोठा आधार होतो. उसाची गोष्ट वेगळी. मोकाट पद्धतीने भिजवलेल्या उसाला हेक्टरी वीस हजार घनमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागते. वीस हजारांना पंधराशेने भागले की उत्तर तेरापेक्षा थोडे अधिक येते. अशा उपखोऱ्यात उसाचा एक हेक्टर उभा राहतो, तेव्हा तो एकटा तेरा हेक्टरांच्या वाट्याचे पाणी पितो. वार्षिक एक हजार मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असलेल्या भागात ऊस घेऊ नये, अशी शिफारस आयोगाने केली, ती या गणिताशी सुसंगत आहे. ही शिफारस अंमलात आली नाही. त्यानंतरही मराठवाड्यात कारखाने आणि ऊस वाढतच गेले आणि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आयोगाच्या अहवालातील सर्वांत स्पष्ट इशाऱ्याकडे राज्याने पाठ फिरवली, असेच म्हणावे लागते. उसाला हमीची किंमत आणि हमखास गिऱ्हाईक मिळते, डाळी व तेलबियांना ते मिळत नाही. ही बाजू सुधारल्याशिवाय केवळ पाण्याच्या हिशेबाने शेतकऱ्याचे पीक बदलणे कठीण आहे, हेही तितकेच खरे.

आयोगाने राज्याची अंतिम सिंचनक्षमता सुमारे १२६ लाख हेक्टर ठरवली, त्यांपैकी ८५ लाख हेक्टर भूपृष्ठावरील पाण्यातून आणि ४१ लाख हेक्टर भूजलातून. याचा दुसरा अर्थ असा की सर्व साधने उभी करून, सर्व काटकसर करूनही राज्याची सुमारे ४४ टक्के लागवडीयोग्य जमीन कायम पावसावर अवलंबून राहणार. कोरडवाहू शेतीला धोरणात स्वतंत्र स्थान दिले पाहिजे, या मागणीला याहून भक्कम आधार नाही.

अहवालानंतरच्या दशकात त्याचे कायदे झाले. २००३ मध्ये राज्याचे जलधोरण आले. २००५ मध्ये दोन अधिनियम संमत झाले, एक शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्याबाबतचा आणि दुसरा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. पाण्यासाठी स्वतंत्र नियामक प्राधिकरण प्रत्यक्ष स्थापन करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य मानले जाते. खोरे आणि उपखोरे ही एकके या कायद्यांत ठामपणे आली, आणि लाभक्षेत्रात पाणी हेक्टरऐवजी घनमीटरमध्ये मोजून देण्याचे तत्त्वही आले. पूर्वी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाई. कितीही पाणी घेतले तरी आकारणी तीच, त्यामुळे कालव्याच्या मुखाजवळच्या शेतकऱ्याला काटकसरीचे कारण नव्हते आणि शेवटच्या टोकाचा (टेलचा) शेतकरी कोरडा राहत होता. नव्या पद्धतीत पाणीवापर संस्थेला वितरिकेच्या मुखाशी पाणी मोजून मिळते. तेथे प्रवाहमापक बांधलेला असतो, त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणांची मापनपट्टी असते. पाण्याची पातळी वाचायची, कोष्टकातून त्या पातळीचा प्रवाह काढायचा आणि जितके तास पाणी चालले त्याने गुणायचे. चारीवरच्या कोणत्याही सुजाण शेतकऱ्याला हे वाचन करता येते आणि खात्याच्या नोंदीशी ताडूनही पाहता येते. लोकसहभाग हा शब्द शासकीय परिपत्रकांत पुष्कळ आढळतो. त्याला खरा अर्थ अशा मापनपट्टीने येतो. खेदाची बाब अशी की अनेक ठिकाणी ही मापके नादुरुस्त आहेत, आणि जेथे माप नाही तेथे संस्था नावापुरती उरते.

प्राधिकरणाच्या कायद्यातील कलम १२(६) हे मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील सर्व धरणांत ऑक्टोबरअखेरीस, खरिपातील वापर धरून, उपयुक्त पाण्याची टक्केवारी शक्यतो सारखी राहावी, असे ते सांगते. तुटीचे वर्ष आले तर तूट वरच्या आणि खालच्या दोघांनी वाटून घ्यावी, हा त्यातील न्याय. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड या धरणसमूहांमधून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वार्षिक वाद याच कलमाभोवती फिरतो. कलम तत्त्व सांगते, पण कोणत्या दिवशी, किती पाणी, कोणत्या धरणातून, याचे उत्तर देत नाही. ते काम २०१३ च्या मेंढेगिरी समितीने केले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरील समूहांनी आपापल्या स्थितीनुसार पाणी सोडावे, अशी कोष्टके समितीने तयार केली. प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यानुसार आदेश दिला आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा याच सूत्राने सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. नदीपात्रात मुरणारे आणि वाटेत उपसले जाणारे पाणी किती धरावे, ६५ टक्क्यांची मर्यादा आज योग्य आहे का, यावर वाद आणि फेरअभ्यास होत राहतात. पाण्याचा लढा रस्त्यावर राहणारच, परंतु त्याची निर्णायक लढाई आता कोष्टकातील आकड्यांवर होते. मराठवाड्याला हे पथ्यकर आहे, कारण संख्याबळात तो नेहमीच उणा असतो.

याच कायद्याने एकात्मिक राज्य जल आराखडा तयार करण्याचे बंधन शासनावर घातले होते. तो अनेक वर्षे झालाच नाही. वाल्मीतून निवृत्त झालेले सहयोगी प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या येथील औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल करून विचारले की आराखडाच नसताना नवे प्रकल्प मंजूर कसे होतात. न्यायालयाने प्रश्नाची गंभीर दखल घेतली आणि आराखड्याच्या कामाला वेग आला. पुढे गोदावरी खोऱ्याच्या आराखड्यासाठी नेमलेल्या समितीत स्वतः पुरंदरे यांनी काम केले. वर्गात सिंचन व्यवस्थापन शिकवणारा अध्यापक कायद्याचे कलम वाचून शासनाला त्याच्या स्वतःच्या शब्दांची आठवण करून देतो, आणि नंतर त्याच शासनाला मदतही करतो, हे या शहरातील जलपरंपरेचे भूषण आहे. चितळे यांनी आतून जे केले त्याची ही बाहेरून झालेली पूर्तता.

चितळे यांच्याकडे शासन पुढेही वळत राहिले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद सुमारे ७४ मिलिमीटर होती. एका शहरातील दोन केंद्रांत एवढी तफावत असेल, तर शहराचा पाऊस एक-दोन पर्जन्यमापकांवरून ओळखता येणार नाही, हे उघड झाले. या आपत्तीच्या सत्यशोधन समितीचे अध्यक्षपद चितळे यांना देण्यात आले आणि मार्च २००६ मध्ये समितीचा अहवाल आला. मिठी नदीसह शहरातील प्रत्येक प्रवाहाचे पाणलोट, जमिनीच्या उंचसखलपणाचा तपशीलवार नकाशा, स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे, भरती-ओहोटीशी जुळणारी निचऱ्याची व्यवस्था, अशी त्या विचाराची दिशा होती. महानगरालाही नदीखोऱ्याच्या नजरेने पाहणे, हेच सूत्र तेथे दिसते. २०१२ च्या अखेरीस सिंचन प्रकल्पांतील गैरव्यवहारांच्या आरोपांच्या चौकशीसाठी नेमलेल्या विशेष पथकाचेही ते अध्यक्ष होते. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला.

पदांपेक्षाही त्यांच्या आयुष्याचा शिक्षकी भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ते निगडित असलेल्या महाराष्ट्र सिंचन सहयोग या संस्थेच्या सिंचन परिषदा राज्याच्या निरनिराळ्या गावी भरतात. तेथे मुख्य अभियंता आणि पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष एकाच मांडवात बसून चर्चा करतात. भारतीय जलसंस्कृती मंडळाने जुनी तळी, बारवा, नहरी यांच्या अभ्यासाला चालना दिली. सरोवर संवर्धिनीच्या कार्याशीही चितळे निगडित राहिले. वाल्मीकी रामायणावरील त्यांच्या व्याख्यानांना मोठा श्रोतृवर्ग लाभला. अभियंत्याने समाजाशी त्याच्या भाषेत बोलले पाहिजे, हा त्यांचा आग्रह या सर्व कार्यात दिसतो. येवा, उपखोरे, आवर्तन, जललेखा, समन्यायी वाटप हे शब्द आज पैठण-गंगापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी सहज येतात. त्यामागे शासकीय परिभाषेइतकेच अशा परिषदांतील आणि शिबिरांतील मराठी बोलण्याचे श्रेय आहे.

आयोगाने डोळ्यांसमोर ठेवलेले २०३० हे वर्ष आता जवळ आले आहे. पंचवीस उपखोऱ्यांचे येव्याचे आकडे ज्या पर्जन्यनोंदींवर बेतलेले होते, त्यानंतरच्या पावसाची पुष्कळ नवी सामग्री जमा झाली आहे. शहरांची लोकसंख्या व उद्योगांची मागणी वाढली आहे आणि पावसाचे स्वरूपही अधिक लहरी झाल्याचे अभ्यासक सांगतात. त्यामुळे प्रत्येक उपखोऱ्याचा हिशेब नव्याने मांडून तिसऱ्या आयोगाने हा तक्ता पुन्हा तपासण्याची वेळ आली आहे. त्या कामासाठी लागणारी साधने, म्हणजे प्रवाहमापन केंद्रांच्या नोंदी, भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी, उपग्रहांनी टिपलेले पीकक्षेत्र आणि वाल्मीसारख्या संस्थांतील अनुभव, ही राज्याकडे आहेत. १९९५ मध्ये यांपैकी पुष्कळ साधने अपुरी असताना ते काम साडेतीन वर्षांत पूर्ण झाले होते.